हप्त्याच्या आत

माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकते. मी विसरत नाही. माफ केलं की मन हलकं होतं म्हणतात. मला माफ केलं की पित्त होतं. चौथीत माझी पाटी मुद्दाम फोडणाऱ्या मुलीच्या लग्नाला मी गेले, आहेर दिला आणि न जेवता परत आले, एवढंच कळावं म्हणून की मला अजून आठवतं. तेव्हा भंडाऱ्याच्या बाजारातल्या एका मोबाईलवाल्याने माझ्या ताईचा चारचौघांत पाणउतारा केला, त्याचा मी डूख धरला यात नवल काही नाही. नवल असलं तर पुढे जे झालं त्याचं आहे.

ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. तिचं सासर गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. आता ती पुनर्वसनाच्या गावठाणात राहते. सरळ रेषेत आखलेले प्लॉट, प्रत्येकाला नंबर, झाडं अजून माणसाच्या खांद्याएवढीच. धरणाच्या नोटिसा यायच्या तेव्हा त्या गावाला वाचून दाखवणारी ताईच होती. ती सातवी शिकलेली, पण कागद असा वाचायची की भूसंपादनाचा कारकूनही तिच्यापुढे जपून बोलायचा. 'इथं दिनांक नाही, हे कोनच्या दिनांकापासून धरायचा?' असं विचारायची. कुणाचा मोबदला कमी लागला, कुणाच्या नावात काना राहिला, हे तिनेच शोधलं. नवा गाव वसला, बायकांचा बचत गट झाला, तेव्हा अध्यक्ष कोण हा प्रश्नच आला नाही. बँकेचा कागद आला की तो आधी ताईच्या हातात जायचा. ती वाचायची, मान हलवायची, मग बाकीच्या सह्या करायच्या. विसेक बायका तिच्या मान हलवण्यावर सही करत होत्या. ताईची खरी कमाई कुठली, तर ही.

गटाच्या बैठकीचा फोटो त्याच दिवशी पाठवायचा, असं वरून आलं आणि ताईला मोठा फोन लागला. तो घ्यायला ती एकटीच भंडाऱ्याला आली. मला ऑफिस होतं. मी एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे, आयुष्य टंकण्यात गेलं, आधी मशीनवर, आता संगणकावर. दुकानात योजना होती. फोन निम्म्या किमतीत, उरलेली निम्मी कंपनी सोसणार. बदल्यात दोन वर्षं त्याच कंपनीचं सिम आणि दर महिन्याला त्याच कंपनीचा हप्ता. दुसरं सिम घातलं तर फोन स्वतःला कुलूप लावून घेतो. मधेच सोडलं तर 'करार मोडण्याचे शुल्क', म्हणजे कंपनीने सोसलेली निम्मी किंमत पुन्हा तुमच्याच डोक्यावर. आणि त्याच्या खाली एक कलम होतं. ते मला आता झोपेतही म्हणता येतं: 'हप्त्याच्या आत फोन परत केल्यास करार मोडण्याचे शुल्क आकारले जाणार नाही.'

हप्ता.

आता आमच्याकडे या शब्दाची गंमत पाहा. बाजारातल्या, हिंदीत वावरणाऱ्या माणसाला हप्ता म्हणजे सात दिवस. ताईच्या गावात सात दिवसांना कुणी हप्ता म्हणत नाही. तिथे आठवडा बाजाराने मोजतात. 'दोन बाजार झाले, अजून आला नाई' म्हणजे दोन आठवडे. हप्ता म्हणजे गटाचा हप्ता, महिन्यातून एकदा, दहा तारखेला, समाजमंदिरात सतरंजीवर बसून भरायचा. ताईने पंधरा वर्षं हप्ता हा शब्द दिवसातून दहादा उच्चारला असेल, आणि एकदाही त्याचा अर्थ सात दिवस नव्हता. कलम तिने वाचलं, तिला अर्थ कळला, तिने सही केली.

फोन गावात नेला तर रेंज नाही. त्या कंपनीचा टॉवर नदीच्या पलीकडे. ताई फोन घेऊन घराच्या माडीवर चढली, विहाराच्या ओट्यावर उभी राहिली, कालव्याच्या पाळीवर चालत गेली. पाळीवर रेंजची एक काडी यायची आणि जायची. बैठकीचा फोटो पाठवायला समाजमंदिरातून पाळीपर्यंत चालत जायचं, हात वर करून उभं राहायचं. दुसरं सिम घालायची सोय नाही. तिने एक बाजार वाट पाहिली, दुसरा पाहिला, मग फोन डब्यात घातला, डबा पिशवीत घातला आणि चार तारखेला सकाळच्या एसटीने माझ्या ऑफिसात आली. 'चाल, वापस करून येऊ. हप्ता दहालेच हाय, अजून सा दिवस बाकी हायेत.' मी जेवणाच्या सुटीत निघाले.

दुकानात गर्दी होती. मालक गल्ल्यावर बसलेला. त्याच्या डोक्यावर पाटी, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' पाटी पाहूनच माझं डोकं तापलं, पण ताई शांत होती. तिने डबा काचेवर ठेवला, पावती ठेवली, तो करारनामा ठेवला.

'मावशी, हा तं अठरा-एकोणीस दिवसांपूर्वीचा माल आहे,' मालक म्हणाला. 'हप्ता कधीचाच संपला.'

'हप्ता दहा तारखेले हाय ना बापू. आज तं चारच तारीख हाय.'

तो आधी तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याला समजलं, आणि तो हसला. एकटाच हसला असता तरी मी सोडून दिलं नसतं, पण तो बाकीच्या गिऱ्हाइकांकडे पाहून, त्यांनाही हसण्यात ओढत हसला. 'हप्ता म्हणजे सात दिवस होते, मावशी! महिना नाही. वाचता येत नाही तं सही कायले करता? अंगठा मारायचा ना!'

लोक हसले. काचेपाशी चार्जर पाहत उभी असलेली ताईच्याच गावची एक बाई होती, तीही हसली. ताईच्या गटातलीच. तिने ताईला पाहिलं, ताईने तिला पाहिलं. मग त्या बाईने चार्जर ठेवून दिला आणि गडबडीने बाहेर पडली, आणि मला तेव्हाच कळलं की ही गोष्ट आमच्याआधी गावात पोचणार.

'मले वाचता येते,' ताई म्हणाली. एवढंच. तिचा आवाज लहान झाला होता.

मग मी बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही. टंकताना मी कधी शिवी टंकलेली नाही आणि आता सुरुवात करणार नाही. मालक म्हणाला, 'मॅडम, ओरडू नका. सोडायचा असेल तं शुल्क भरा, नाही तं दोन वर्षं वापरा. कंपनीचा रूल आहे.' चोर तो चोर, वर शिरजोर. मी करारनामा ओढून घेतला. ताई माझ्या कोपराला धरून सांगत होती, 'अवं, थांब, त्या कागदावर मी त्याच्याकडून...' मी म्हटलं, 'तू थांब ताई, मी पाहते.' डबा उचलला आणि तिला घेऊन बाहेर आले.

एसटी स्टँडवर करारनाम्याची छायाप्रत काढून घेतली, मूळ कागद ताईला दिला आणि तिला गाडीत बसवलं तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, 'जाऊ दे. भरून टाकू तो दंड.' गाडी सुटल्यावर मी तिथेच फलाटावर उभी राहून त्या माणसाला मनातल्या मनात इतके शाप दिले की त्याच्या दुकानातल्या सगळ्या फोनांच्या बॅटऱ्या फुगायला हव्या होत्या. फुगल्या नाहीत. शाप आमच्या घराण्यात कुणालाच साधलेले नाहीत, अर्ज साधतात.

पुढच्या दहा तारखेला गटाची बैठक झाली. बँकेचं एक पत्र आलं होतं. ताईने हात पुढे केला, तर त्या चार्जरवाल्या बाईने ते पत्र आधी स्वतः उघडलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, 'ताई, हा कागद आनखी कोनाले दाखवून घेऊ का? एखांदा शब्द इकडचा तिकडे झाला तं आपल्या सगळ्यायच्याच डोक्यावर.' कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. बायका सतरंजीच्या दोऱ्या उसवत बसल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात ताईने अध्यक्षपद सोडलं. 'आता दुसरीले शिकू द्या,' म्हणाली. ती चार्जरवाली अध्यक्ष झाली. मला हे सगळं ताईने फोनवर, कालव्याच्या पाळीवर उभं राहून सांगितलं, आवाज तुटत तुटत येत होता. मी विचारलं, 'तू रडतेस का?' ती म्हणाली, 'नाई, रेंज नाई.'

त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला पाणी पाजायचं. शुल्क रद्द होणं ही तर शेंगदाणे-फुटाण्याची गोष्ट. मला त्याच्याच तोंडून, लोकांसमोर, हप्ता म्हणजे महिन्याचा हप्ता हे वदवून घ्यायचं होतं. तो शब्द त्याच्या घशात अडकलेला पाहायचा होता. आणि मग तो कागद घेऊन गावात जायचं होतं आणि ताईचा गट तिला परत मिळवून द्यायचा होता. मला वाटलं होतं की या दोन गोष्टी एकच आहेत.

मोठी लढाई उभी करायला वेळ लागतो, तोवर हात रिकामे नसावेत म्हणून मी लहान लहान सूड घेतले, आणि खरं सांगते, मला मजा आली. मी करारनाम्याच्या प्रती काढल्या, त्या कलमाखाली लाल रेघ ओढली आणि बाजाराच्या दिवशी दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. कुणी योजनेचा फोन घ्यायला चाललेलं दिसलं की प्रत हातात द्यायची. 'आत जाऊन विचारा, हप्ता कुठला?' लोक आत जाऊन विचारायचे. मालक बाहेर येऊन माझ्याकडे पाहायचा. मी चहा प्यायचे. एकदा दुकानात जाऊन एक साधी वायर विकत घेतली आणि चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, 'हप्त्याच्या आत परत आणली तर घ्याल ना? की आधी अंगठा मारू?' वायर घरी अजून आहे, कशालाच बसत नाही.

इंटरनेटवर त्याच्या दुकानाला एक तारा दिला. त्याहून कमी देता येत नाही म्हणून एक.

आणि एकदा त्याचाच अर्ज माझ्या टेबलावर आला. कसला ते सांगणं बरं नाही. अर्ज नीट होता, फक्त एका पानावर सही राहिली होती. असं झालं की मी एरवी अर्जदाराला फोन करते, तो येतो, सही करतो, दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी मी फोन केला नाही. 'त्रुटीपूर्तीसाठी परत' असा शेरा टंकला आणि अर्ज टपालाने पाठवून दिला. तो नियमात होता. माझ्या सगळ्या दुष्टपणात एक गोष्ट चांगली आहे की तो नियमात असतो. परत, हा शब्द टंकताना मला सणासुदीला पुरणपोळी खाल्ल्यासारखं वाटलं.

माझा नवरा म्हणायचा, 'सोड आता. शिळ्या कढीला किती ऊत आणशील?' मी म्हणायचे, 'कढी माझ्या ताईची आहे.' तो पेपर वाचायला लागायचा.

मग मी तक्रार लिहायला बसले, जिल्हा ग्राहक आयोगात. वकील करायचा नाही असं ठरवलं, कारण वकील केला तर सूड त्याचा झाला असता. ताईच्या वतीने प्रतिनिधी म्हणून मी उभी राहीन असं अधिकारपत्र तयार केलं. बारा पानं टंकली. इतकं चांगलं टंकन मी सरकारसाठी कधी केलं नाही. एका रविवारी गावात गेले, ताईपुढे कागद ठेवले, जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुली केली होती. ताई पहिलं पान वाचायला लागली. मला संध्याकाळची शेवटची गाडी पकडायची होती. मी म्हटलं, 'सगळं नीट आहे गं, फुलीवर सह्या कर.' तिने केल्या.

तक्रारीसाठी मूळ करारनामा हवा होता. तो ताईच्या पत्र्याच्या पेटीत होता. भंडाऱ्याला परत येताना गाडीत मी तो पहिल्यांदा नीट पाहिला, त्याआधी सगळी झुंज छायाप्रतीवर चालली होती, आणि छायाप्रतीत समास कापला गेला होता. मूळ कागदाच्या समासात, त्या परतीच्या कलमासमोर, निळ्या पेनाने लिहिलं होतं: १०. बाजूला दुकानाच्या माणसाची आद्याक्षरं.

मी गाडीतूनच ताईला फोन केला. लागला. 'हे दहा कुणी लिहिलं?'

'मी लिवून घेतला ना त्याच्याकडून,' ताई म्हणाली. 'मी विचारलं, हप्ता कोनच्या तारखेले? तो म्हने, दहाले. मंग मी म्हटलं, इथं लिवून दे आन सही कर. त्या दिवशी दुकानात तेच सांगून राहिली होती तुले, तं तू आयकलं नाई.'

गाडीत मी जोरात हसले, शेजारची बाई दचकली. सापडला! ताईने तारीख मागितली होती, जशी ती भूसंपादनाच्या कारकुनाला मागायची तशी. दुकानाच्या माणसाला वाटलं, महिन्याचा हप्ता विचारते आहे, म्हणून त्याने दहा सांगितलं आणि तिने नेमक्या कलमासमोर लिहून घेतलं. मालक इतके दिवस ज्या कागदाच्या जोरावर बसला होता, त्याच कागदात त्याची मान अडकली होती.

तक्रार दाखल झाली. तारखा पडल्या. कंपनीच्या वकिलाने उत्तर दिलं की 'हप्ता म्हणजे सात दिवस हे सर्वश्रुत आहे.' सर्वश्रुत हा शब्द वाचून मी आणखी एक पान टंकलं, ताईच्या गावातल्या बोलीबद्दल, बाजाराने मोजायच्या आठवड्याबद्दल, गटाच्या हप्त्याबद्दल. वर्ष उलटलं. शेवटच्या सुनावणीला कंपनीचा वकील आला नाही, मालक स्वतः आला. ताईही आली होती, इस्त्रीची साडी नेसून. मागच्या बाकावर बसली. मी पुढे उभी.

आयोगाच्या अध्यक्ष मॅडमनी मालकाला कागद दाखवला. 'तिसरं कलम. पहिला हप्ता दहा तारखेस. इथे हप्ता म्हणजे काय?'

'महिन्याचा, मॅडम.'

'पाचवं. हप्ता थकल्यास.'

'महिन्याचाच.'

'आणि हे नववं?'

'ते सात दिवस, मॅडम. ते आठवडा.'

'एकाच कागदावर?'

मी हात वर केला. 'मॅडम, समासात पाहावं. मी दाखवते.' मूळ कागद पुढे केला. मॅडमनी पाहिलं. 'हे दहा कुणाचं अक्षर?'

'आमच्या माणसाचं,' मालक म्हणाला. आता त्याच्या कानशिलावर घाम होता. मी तो घाम आरामात पाहिला.

'कशाची तारीख आहे ही?'

'हप्त्याची.'

'कुठल्या?'

त्याला कळलं होतं आपण कुठे आलो ते. मांजरीच्या तावडीतल्या उंदरालाही कळतं. 'महिन्याच्या हप्त्याची,' तो म्हणाला, इतक्या हळू की मॅडमनी पुन्हा विचारलं आणि त्याला पुन्हा सांगावं लागलं. दोनदा! मी वर्षभर जपून ठेवलेलं वाक्य मग माझ्या तोंडून गेलंच. 'वाचता येत नाही तर सही कशाला केली?' मॅडमनी मला झापलं, 'तक्रारदाराच्या प्रतिनिधींनी समोर पाहून बोलावं.' झापलं तरी चालेल. त्या दिवशी मला कुणी फासावर दिलं असतं तरी मी आधी जिलबी मागितली असती.

बाहेर आल्यावर आमच्याबरोबर सुनावणीला थांबलेला एक म्हातारा मला म्हणाला, 'बाई, तुमी लई हुशार हाव. तो दहाचा आकडा चांगला शोधून काढला.' मी म्हटलं, 'हो.' ताई माझ्या शेजारीच उभी होती. पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिने मला दिली.

निकाल आला. तक्रार अंशतः मंजूर. करार मोडण्याचं शुल्क रद्द, फोन परत घ्यावा, भरलेले पैसे परत द्यावेत, मानसिक त्रासापोटी थोडी रक्कम. आदेशात एक सुंदर वाक्य होतं, की करारातला शब्द दोन अर्थांचा असेल तर ज्याने तो लिहिला त्याच्या विरुद्ध अर्थ घ्यावा. मी ते वाक्य ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. ज्यांना नको होतं त्यांनाही. मालकाने फोन परत घेतला, तो देण्यासाठी मी मुद्दाम बाजाराच्या दिवशी गेले. 'एकदा विकलेला माल' ही पाटी तशीच होती. मी तिच्याकडे बोट दाखवून म्हटलं, 'हे आता काढा.' त्याने काढली नाही, पण मान खाली घालून पावती लिहिली. मला पोटभर जेवल्यासारखं झालं.

मग सुडाचा उरलेला अर्धा भाग राहिला होता. दहा तारखेला आदेशाची प्रत घेऊन मी ताईच्या गावी गेले. दुपारी तिच्या घरी पोचले, प्रत तिच्या हातात दिली आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा ती दारात बसून वाचत होती. शेवटचं पान वाचून तिने पहिल्यासारख्याच घड्या घातल्या. मी विचारलं, 'कसं आहे?' ती म्हणाली, 'चांगला झाला बाई. तुले लई तरास झाला.' आणि चहा ठेवला.

समाजमंदिरात बायका जमल्या होत्या. चार्जरवाली अध्यक्ष मधोमध बसलेली. मी उभी राहून सांगितलं की ताई खरी होती, मालक खोटा होता, आणि हे कोर्टासारख्या आयोगाने लिहून दिलं आहे. बायकांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. मी आदेश पुढे केला. माझ्या डोक्यात सगळं ठरलेलं होतं. ताई वाचेल, त्या बायका ऐकतील, आणि पुढच्या महिन्यात बँकेचा कागद आपोआप तिच्या हातात जाईल.

चार्जरवालीने कागद घेतला, ताईकडे पाहिलंही नाही आणि मलाच परत दिला. 'मॅडम, तुमीच वाचा. तुमाले समजते. तुमी नसत्या तं आमच्या ताईचं कसं झालं असतं?'

बाकीच्या हो म्हणाल्या. प्रेमाने म्हणाल्या. मी ताईकडे कागद धरला. 'ताई वाचेल.'

'तूच वाच,' ताई म्हणाली.

मी वाचू लागले. माझं वाचन चांगलं आहे. हप्त्याच्या जागी आवाज चढवला, दहाच्या आकड्यापाशी थांबले, बायका हसल्या. दुसऱ्या पानाच्या मध्यावर मात्र एक ओळ आली. आदेश मी ऑफिसात इतक्यांदा वाचला होता आणि या ओळीवरून दर वेळी नजर अलगद पुढे गेली होती, कारण ती माझ्या सवयीची होती. आता विसेक बायका समोर होत्या. मी ती सोडली आणि पुढच्या परिच्छेदावर गेले.

'एक ओर सोडली तू,' ताई म्हणाली.

'कुठली गं?'

'तुले मालूम हाय. वाच.'

मी वाचली. 'तक्रारदार ही अल्पशिक्षित, वाचनाची सवय नसलेली ग्रामीण महिला असून तिला कराराचा मजकूर समजू शकला नाही.'

चार्जरवाली खाली पाहत होती. ताई माझ्याकडे पाहत होती, रागाने नाही, ती जशी भूसंपादनाच्या कागदाकडे पाहायची तशी.

'हे त्या दुकानवाल्यानं लिवून देल्लं का आयोगाले?' तिने विचारलं.

तो परिच्छेद माझ्या तक्रारीच्या तिसऱ्या पानावरून जसाच्या तसा उचललेला होता. असं लिहिलं की आयोगाला दया येते, हे मला माहीत होतं. स्वल्पविरामसुद्धा माझेच होते.

'नाही,' मी म्हणाले. 'मी लिहिलं.'